शिबिराच्या टेबलावर मोजपट्टीही ठेवा

प्रति,
ठाणे शहरातील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या उत्सव समित्यांचे पदाधिकारी व कार्यकर्ते

विषय : आरोग्य शिबिरात साखरेबरोबर कंबरेचं माप घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मंडपाची परवानगी, मूर्तीचं बुकिंग, वर्गणीची पुस्तकं या गडबडीत लांबलचक पत्र वाचायला तुम्हाला फुरसत नसणार, म्हणून मागणं आधीच सांगते. यंदाच्या आरोग्य शिबिरात साखर तपासायच्या टेबलाआधी आणखी एक टेबल मांडा. त्यावर शिंप्याकडे असते तशी मोजपट्टी, एक वही, आणि माप घ्यायला शिकलेले दोन कार्यकर्ते हवेत, एक पुरुष आणि एक बाई. आणि ज्याची साखर बरोबर आली पण कंबर मापाबाहेर गेली, त्याच्या कार्डावर ‘सर्व नॉर्मल’ लिहून त्याला घरी पाठवू नका. एवढंच मागणं आहे. ते का करते आहे, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मी वागळे इस्टेट भागात फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. शहरातल्या मंडळांच्या शिबिरांना पूर्वीपासून बसत आले आहे, त्यामुळे या कामामागची तुमची धडपड मी जवळून पाहिली आहे. रविवारी सकाळी मंडपात खुर्च्या मांडणं, लॅबवाल्याला तयार करणं, गल्लीत फिरून लोकांना बोलावून आणणं, हे कुणी पगारी माणूस करत नाही. आणि तुमच्या शिबिरात जो माणूस येतो तो एरवी दवाखान्याची पायरी चढत नाही. रिक्षावाले, वॉचमन, चार घरची कामं करणाऱ्या बायका, घोडबंदर रोडवरून रोज तासन्‌तास बसून ये-जा करणारी ऑफिसातली मुलं, सगळे एकाच रांगेत उभे असतात. अशी रांग आम्हा डॉक्टरांना कधी लावता आलेली नाही, म्हणून तर हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

शिबिरात होतं काय, ते आठवून पाहा. बोटाला टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीला लागला, पाच सेकंदांत यंत्रावर आकडा उमटला. समजा आकडा आला १३२. वहीत लिहिणारा मुलगा पुढे ‘एन’ मारतो, म्हणजे नॉर्मल. पण हा माणूस तासाभरापूर्वी पोहे आणि चहा घेऊन आला असेल तर १३२ ठीक आहे. तो रात्रीपासून उपाशी असेल तर १३२ हा मधुमेहाच्या हद्दीतला आकडा आहे, कारण उपाशीपोटीची सीमा १२६ आहे आणि लॅबमध्ये पुन्हा तपासूनही १२६ किंवा वर आली तर त्याला मधुमेह म्हणतात. ‘शेवटचं कधी खाल्लंत?’ हा प्रश्न वहीत नसतोच. तो रकाना तेवढा आजच घाला, त्याला एक पैसाही लागत नाही.

तरीही समजा, वेळ विचारली, आकडा खरोखरच चांगला आला. मग? माझ्याकडे किसननगरचे एक रिक्षाचालक येतात. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलते आहे. हातपाय काटकुळे, गाल बसलेले, वजनकाट्यावर साठच्या जरा पुढे. शर्ट मात्र पोटावर ताणलेला आणि पॅन्टचा पट्टा पोटाच्या खाली घसरलेला. पहिल्यांदा आले ते तळपायाची जखम भरत नाही म्हणून. साखर तपासायची म्हटल्यावर त्यांनी रिक्षाच्या कागदांतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं एका शिबिराचं कार्ड काढून दाखवलं. तीन वर्षांपूर्वीचं होतं. रँडम साखर, म्हणजे खाण्याची वेळ न बघता तपासलेली, १२१, शेरा ‘नॉर्मल’. ‘मी बारीक आहे मॅडम, मला कुठली शुगर,’ असं ते म्हणाले. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी केली तर ती दहाच्या पुढे होती. साडेसहापासून मधुमेह धरतात.

त्या कार्डावरचा आकडा खोटा नव्हता. पण त्या दिवशी त्यांच्या शरीरात जे बिघडत चाललं होतं, ते साखरेच्या यंत्राला दिसण्यासारखं नव्हतं. त्यांच्या पोटावर मोजपट्टी धरली असती तर दिसलं असतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. चरबी म्हणजे शिल्लक राहिलेल्या खाण्याचा निष्क्रिय साठा, असं आम्हीही एके काळी शिकत होतो. प्रत्यक्षात चरबीच्या पेशी दिवसरात्र हार्मोन्स रक्तात सोडत असतात. मेंदूला, यकृताला, स्नायूंना त्या सतत निरोप धाडतात. थायरॉइड किंवा स्वादुपिंडासारखीच चरबीही एक ग्रंथी आहे, आणि माणसागणिक तिचा आकार वेगळा असला तरी ती प्रत्येकात आहे.

हे कळायला बराच काळ गेला. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ च्या सुमारास उंदरांची एक जात सापडली, जी अखंड खात राहायची आणि फुगत जायची. पुढे तिथेच आणखी एक लठ्ठ जात सापडली, तिला मधुमेहही होता. डग्लस कोलमन यांनी या दोन जातींचे उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जाईल असं केलं. मधुमेही उंदराला काहीच झालं नाही. पहिल्या जातीच्या उंदराने मात्र खाणं सोडलं आणि तो भुकेने मेला. कोलमन यांनी अनुमान काढलं की रक्तात भूक थांबवणारा कुठलातरी पदार्थ असणार. एका उंदराकडे तो बनतच नाही, दुसऱ्याकडे तो भरपूर बनतो पण शरीर त्याला दाद देत नाही. तो पदार्थ नेमका कोणता, हे शोधायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने त्या पदार्थाचं जनुक शोधलं आणि त्या हार्मोनला नाव मिळालं लेप्टिन. ते बनतं चरबीच्या पेशीत.

तेव्हा केवढा उत्साह होता! एका औषध कंपनीने पुढच्याच वर्षी त्याचे हक्क दोन कोटी डॉलर देऊन घेतले. लेप्टिन टोचलं की लठ्ठपणा संपला, असं वाटत होतं. ज्यांच्या शरीरात जन्मतःच लेप्टिन बनत नाही अशी मोजकी मुलं जगात आहेत, त्यांना त्याने खरोखर नवं आयुष्य दिलं. पण बाकीच्या लठ्ठ माणसांच्या रक्तात पाहिलं तर लेप्टिन कमी नव्हतंच, उलट जास्त होतं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, पण मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. भूक आवरण्याचा सरसकट उपदेश करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लठ्ठ माणसाला लागणारी भूक खरी असते, तिच्यामागे शरीरातलं एक बिघडलेलं संभाषण असतं. ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून त्याला चारचौघांत हिणवणं मला तरी पाहवत नाही.

माझ्या दृष्टीने मात्र आपल्या लोकांसाठी लेप्टिनपेक्षा दुसरं हार्मोन जास्त महत्त्वाचं आहे. त्याचं नाव अॅडिपोनेक्टिन. १९९५ आणि १९९६ या वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. तेही चरबीच्याच पेशीत बनतं आणि रक्तात इतकं भरपूर असतं की बहुतेक हार्मोन्सच्या हजारपट भरावं. त्याचं काम असं : यकृताला रक्तात साखर सोडण्यापासून आवरायचं, स्नायूंना चरबी जाळायला लावायचं, आणि एकूणच थोड्या इन्सुलिनमध्ये (स्वादुपिंडातून येणारं, साखर आवाक्यात ठेवणारं हार्मोन) शरीराचं भागेल असं पाहायचं. आता गंमत म्हणा किंवा दैव, चरबी वाढली की बाकीचे निरोप वाढतात, आणि हा एकच भला निरोप घटतो. पोटातली चरबी वाढली की तर फारच. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की ज्या भारतीयांच्या रक्तात अॅडिपोनेक्टिन कमी होतं, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त होती. त्याची कमतरता हेच मूळ कारण आहे की ती बिघाडाची खूण आहे, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. खूण धरली तरी ती साखर वाढण्याच्या आधीची खूण आहे, आणि मला तेवढं पुरे आहे.

याच्या जोडीला आग आहे, म्हणजे सूज. १९९३ मध्ये हॉटामिस्लिगिल आणि स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा नावाचं सूज वाढवणारं रसायन शोधलं, आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं हे दाखवलं. चरबीची पेशी फार फुगली की तिला रक्तपुरवठा पुरत नाही, ती आजारी पडते, मग शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी तिच्याभोवती गर्दी करतात आणि सूज धुमसत राहते. दुखत नाही, ताप येत नाही. वर्षानुवर्षं चालू राहते.

हे कुणाच्या बाबतीत लवकर होतं आणि कुणाच्या उशिरा, याचं उत्तर चरबी कुठे साठते त्यात आहे. वन बीएचके घरातला माळा आठवा. जोवर माळ्यावर जागा आहे तोवर सामान कितीही आलं तरी घर नीट दिसतं. माळा भरला की तेच सामान हॉलमध्ये, किचनमध्ये, पलंगाखाली येतं आणि चालायला वाट राहत नाही. त्वचेखालची चरबी, मांड्यांवरची, नितंबांवरची, हा आपला माळा. तो भरला की चरबी पोटात आतड्यांभोवती, यकृतात, स्नायूंत, अगदी स्वादुपिंडातही जाऊन बसते. म्हणूनच जाड मांड्यांच्या बाईला हसणाऱ्यांना मी सांगते की तिची चरबी निदान योग्य जागी आहे.

याचा सर्वात ठळक पुरावा उलट्या टोकाला सापडतो. लायपोडिस्ट्रॉफी नावाचा एक दुर्मीळ विकार आहे, त्यात माणसाच्या त्वचेखाली चरबी जवळपास नसतेच. असा माणूस दिसायला पीळदार, पण त्याला भयंकर मधुमेह होतो, यकृत चरबीने भरतं, कारण साठवायला माळाच नाही आणि लेप्टिन-अॅडिपोनेक्टिन बनवायला पेशीही नाहीत. अशा रुग्णांना लेप्टिनचं इंजेक्शन लागू पडतं. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे स्वस्तात मिळणारी पायोग्लिटाझोन ही गोळीही हेच सांगते. ती घेतली की वजन थोडं वाढतं, तरी साखर उतरते, कारण ती चरबीला यकृतातून काढून त्वचेखाली नेते आणि अॅडिपोनेक्टिन वाढवते. (या गोळीवर २०१३ मध्ये काही आठवडे बंदी आली होती, मग इशाऱ्यासह ती उठली. ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, ते डॉक्टरवर सोडा.)

तेव्हा चरबीशी भांडण नको. चरबी कुठे आहे आणि तिच्यावर किती ताण आला आहे, एवढंच पाहायचं आहे.

यात आपण भारतीय, त्यातही आपला महाराष्ट्र, कुठे आहोत? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. वजनकाट्याच्या हिशेबाने दोघेही एकसारखे सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. स्नायू कमी, पोट बारीक, उंची कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र राखलेली. पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तातही लंडनच्या गोऱ्या बाळांच्या मानाने लेप्टिन आणि इन्सुलिन चढं होतं. म्हणजे आईच्या कुशीतूनच आपण हाडकुळे पण चरबीवाले येतो. मग शहरात येतो, बसून काम करतो, रात्री दहाला जेवतो, आणि लहानसा माळा चटकन भरतो.

म्हणूनच आपल्यासाठी मापं वेगळी आहेत. बीएमआय २३ च्या वर गेला की जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा. पाश्चात्त्यांना हेच आकडे २५ आणि ३० आहेत. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर, यापुढे धोका. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. बीएमआयने मोजलं तर लठ्ठ २८.६ टक्के, पण पोटाने मोजलं तर ३९.५ टक्के. मधल्या फरकात जी माणसं आहेत ती वजनकाट्यावर सुटतात. तुमच्या रांगेत तीच उभी असतात, आणि खुशीत घरी जातात.

आणि साखर तरी नॉर्मल का राहते? कारण स्वादुपिंड भरपाई करत असतं. इन्सुलिनचा असर कमी झाला की ते आणखी इन्सुलिन ओततं, आणखी, आणखी. वर्षं निघून जातात. ते थकलं की मग आकडा चढायला लागतो. मधुमेहाचं निदान होतं त्या दिवशी स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवायची निम्मी ताकद बहुधा गेलेली असते, असा इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. साखर ही शेवटी वाढते. शिबिरात आपण फक्त शेवटचा आकडा मोजतो आहोत.

एक खूण मात्र डोळ्यांना दिसते, ती कार्यकर्त्यांना जरूर शिकवा : मानेच्या मागची काळी, मखमलीसारखी जाड झालेली कातडी. काखेतही असते. बरोबर बारीक चामखिळी. माझ्याकडे आया मुलांना घेऊन येतात आणि सांगतात, ‘रोज दगडाने घासते हो, मळ निघतच नाही.’ तो मळ नसतो. रक्तात इन्सुलिन फार चढलेलं असलं की कातडी अशी होते. कृपा करून घासू नका, पोराला बोलू नका, डॉक्टरकडे पाठवा.

आता माप कसं घ्यायचं. पॅन्टचा नंबर विचारून भागत नाही. पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि वर्षानुवर्षं ‘माझी ३२ च आहे’ म्हणतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड हाताने चाचपायचं, त्यांच्या मधोमध पट्टी आडवी फिरवायची, मागून वर किंवा खाली जाऊ द्यायची नाही, पट्टी टेकेल पण रुतणार नाही. माणसाने सहज श्वास सोडला की आकडा वाचायचा. पोट आत घेऊ नका असं सांगावंच लागतं, आणि तरी पुरुष आत घेतातच, तेव्हा त्यांना बोलतं ठेवा. बायकांसाठी पडदा हवा आणि माप घेणारी बाईच हवी. साडीच्या निऱ्यांवरून घेतलेल्या मापाला अर्थ नाही. पडदा नसला तर बायका टेबल टाळून पुढे निघून जातात, हे मी पाहिलं आहे.

पट्टीसुद्धा नसली तर सुतळी घ्या. माणसाच्या उंचीएवढी कापा, मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी त्याच्या कंबरेभोवती पुरली पाहिजे. पुरली नाही तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने २०२२ पासून लोकांना हेच निम्म्याचं माप सांगायला सुरुवात केली आहे. लहान मुलांना हा प्रयोग फार आवडतो, ती घरी जाऊन आजी-आजोबांना मोजतात.

मग वहीत आकडेमोड. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये भारतीयांसाठी एक गुणपद्धत केली, तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. वय ३५ ते ४९ असलं तर २० गुण, पन्नाशीपुढे ३०. कंबर पुरुषाची ९० ते ९९ किंवा बाईची ८० ते ८९ असली तर १०, त्यापुढे २०. अंगमेहनतीचं काम आणि नियमित व्यायाम दोन्ही असले तर शून्य, एकच असलं तर २०, काहीच नसलं तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० झाली की धोका मोठा. ऐरोलीच्या ऑफिसात बसून काम करणारा अडतीस वर्षांचा मुलगा घ्या, कंबर ९६, व्यायाम नाही, आईला मधुमेह. वीस, दहा, तीस, दहा : ७० झाले. त्याची साखर त्या सकाळी १०४ असेल, तरी तो धोक्यात आहे. सरकारी योजनेत आशा सेविका तिशीपुढच्या लोकांचा जो फॉर्म भरतात त्यातही कंबरेचं माप विचारलेलं आहे, तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाही.

धोक्यात निघालेल्याला काय सांगायचं? पहिलं, उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी साखर लॅबमध्ये तपासून घे, किंवा एचबीए१सी कर. जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात जा, तिथे जमत नसेल तर फॅमिली डॉक्टरकडे. दुसरं, चालायला लाग. याबद्दल मी ठामपणे बोलते कारण आपल्याच देशातला पुरावा आहे. चेन्नईच्याच डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले : रोजचं चालणं आणि खाण्यातला बदल यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, आणि तेही लोकांचं वजन फारसं न उतरता! काटा हलत नाही म्हणून कचराळी तलावावरच्या फेऱ्या सोडून देणारे खूप जण मला भेटतात. त्यांनी हा आकडा पाठ करावा. वजन उतरलं तर उत्तमच, चरबीच्या पेशी लहान होतात, अॅडिपोनेक्टिन वर येतं, सगळ्यात आधी यकृतातली चरबी जाते. पण काटा हलेपर्यंत फायदा सुरू होत नाही असं मुळीच नाही.

मोदकाबद्दल विचाराल. दहा दिवसांच्या मोदकांनी कुणाला मधुमेह होत नाही, उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांच्या बैठकीने होतो.

काही गोष्टी मात्र टाळा. शिबिरात प्रायोजक म्हणून येणाऱ्या कुणी ‘फॅट हार्मोन टेस्ट’चं पॅकेज विकायला आणलं तर नको म्हणा. अॅडिपोनेक्टिन किंवा लेप्टिन मोजून उपचारात आज काही फरक पडत नाही, आणि त्यांची खबर मोजपट्टी फुकट देते. लेप्टिन वाढवणाऱ्या पावडरी आणि कॅप्सूल तर टेबलाजवळ फिरकूही देऊ नका. लेप्टिन हे प्रथिन आहे, तोंडाने घेतलं तर पोटात पचून जातं. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल २०२५ पासून मला रोज विचारणा होते. ती आतड्यातल्या हार्मोन्सची नक्कल करतात, चरबीतल्या नव्हे, आणि काही रुग्णांना खरंच उपयोगी आहेत. पण ती मंडपात बसून ठरवायची गोष्ट नाही. आणि कुणाची कंबर, कुणाचं वजन माइकवरून किंवा मोठ्याने पुकारू नका. वजन कमी करण्याच्या स्पर्धा, बक्षिसं, ‘आधी आणि नंतर’चे फोटो नकोत. ज्या माणसाला एकदा चारचौघांत लाज वाटली तो पुढच्या वर्षी रांगेत येणार नाही.

खर्चाचा प्रश्न येईल तर मोजपट्टीला जेमतेम हाराच्या किमतीएवढे पैसे लागतात. वेळ माणशी दोन मिनिटं. गर्दी जास्त असली तर सगळ्यांच्या बोटाला टोचण्यापेक्षा आधी माप आणि गुण करा, ६० किंवा वर निघतील त्यांची साखर नक्की करा, साखरेच्या पट्ट्याही वाचतील. ज्यांना फार तहान लागते, सारखी लघवी होते, वजन आपोआप उतरतं आहे किंवा जखम भरत नाही, त्यांची मात्र गुण न पाहता लगेच तपासा.

शेवटचं म्हणजे वही. दरवर्षी शिबिर संपलं की ती मंडळाच्या कपाटात जाते. या वेळी ६० किंवा त्याहून जास्त गुण असलेल्यांची नावं आणि फोन नंबर त्यांना विचारून वेगळ्या पानावर लिहा. पान एका जबाबदार माणसाकडेच राहू दे, ग्रुपवर टाकू नका. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना मध्ये दोनेक आठवडे मिळतात. तेवढ्यात त्या पानावरच्या प्रत्येकाला एक फोन करा : लॅबमध्ये गेलात का, रिपोर्ट काय आला. ज्यांचे रिपोर्ट बिघडलेले निघतील त्यांना नवरात्रात एका संध्याकाळी एकत्र बोलवा, मी येऊन बसेन आणि एकेकाशी बोलेन. कार्यकर्त्यांना माप घ्यायला शिकवायलाही येईन, संध्याकाळी सातनंतर, वागळे, किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या भागांत कुठेही. मोजपट्ट्या मी घेऊन येते. पडदा आणि दोन खुर्च्या तेवढ्या तुम्ही ठेवा.

आपली,
एक फॅमिली डॉक्टर
वागळे इस्टेट, ठाणे